सेकंड हँड थार की जिम्नी? १.५, २.० की २.२ लिटर: इंजिन कसं निवडायचं



सेकंड हँड फोर बाय फोर घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती सीसीची घेऊ?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण डिग्री मेकॅनिकलची असल्यामुळे मित्रमंडळी गाडी बघायला जाताना मला हमखास सोबत नेतात. गेल्या दोन-तीन वर्षांत अशा बऱ्याच थार आणि जिम्नी पाहिल्या. एक गोष्ट प्रत्येक वेळी दिसली. लोक सीसीचा आकडा बघून निर्णय घेतात आणि ज्यासाठी गाडी घेतोय ती गोष्ट तपासायची राहून जाते.

आठ-दहा लाखांचा मामला असतो. अनेकांसाठी ती पहिल्या नोकरीतली तीन-चार वर्षांची बचत असते, वर बँकेचा हप्ता. म्हणून आज आपण इंजिनच्या आकाराचा नेमका अर्थ काय, कुठलं इंजिन कोणासाठी आणि फोन वापरून गाडी कशी तपासायची, हे सविस्तर पाहूया.

सीसी म्हणजे ताकद नाही

सीसी म्हणजे इंजिनच्या सगळ्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होताना जेवढी जागा व्यापतात तिचं माप. १००० सीसी म्हणजे एक लिटर. भांडं केवढं आहे हे त्यातून कळतं, पण स्वयंपाक कसा होणार ते कळत नाही. टर्बो आहे का, इंधन कोणतं आणि कंपनीने कॉम्प्युटर कसा ट्यून केलाय, यावर ताकद ठरते.

हे आकडे बघा:

- जुनी थार सीआरडीई (२०१० ते २०२०): २४९८ सीसी डिझेल, टॉर्क २४७ न्यूटन मीटर
- नवी थार २.२ डिझेल (२०२० पासून): २१८४ सीसी, टॉर्क ३०० न्यूटन मीटर
- नवी थार १.५ डिझेल (जानेवारी २०२३ पासून): १४९७ सीसी, टॉर्क ३०० न्यूटन मीटर

म्हणजे सगळ्यात मोठ्या इंजिनचा टॉर्क सगळ्यात कमी, आणि १.५ ला २.२ एवढाच. स्कॉर्पिओ-एनचं उदाहरण तर अजून मजेशीर आहे. तेच २.२ लिटर डिझेल खालच्या व्हेरिएंटमध्ये १३२ पीएस देतं आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये १७५ पीएस. फोर्स गुरखाचं २.६ लिटर इंजिन २०२१ च्या मॉडेलमध्ये ९१ पीएसचं होतं, २०२४ मध्ये त्याच आकारात १४० पीएसचं आलं. सीसी तीच, गाडी वेगळी.

मग हे १.५ आणि २.२ ठरवतं कोण?

बऱ्याचदा इंजिनिअर नाही, टॅक्स ठरवतो. आपल्याकडे चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल, तर गाडी 'लहान' धरली जाते आणि कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के आणि त्यापेक्षा मोठ्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर, म्हणून १४९७ सीसीचं डिझेल बसवलं की ती स्वस्त गटात जाते. २.२ डिझेल आणि २.० पेट्रोल त्या गटात बसत नाहीत. जिम्नीही चार मीटरच्या आतच आहे, पण तिचं १४६२ सीसी इंजिन पेट्रोल आहे, म्हणजे १२०० च्या वर. त्यामुळे तिला सवलत नाही.

कोर्टानेही इंजिनचा आकार बदलायला लावलाय. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली-एनसीआरमध्ये २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर तात्पुरती बंदी घातली. महिंद्राने जानेवारी २०१६ मध्ये स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० साठी १.९९ लिटरचं इंजिन आणलं. पॉवर आणि टॉर्क तेवढाच ठेवला. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का अधिभार लावून बंदी उठली. आजही सेकंड हँड बाजारात कुठे '१.९९' दिसलं, तर घाबरू नका, ते 'कमकुवत मॉडेल' नाही.

यातून खरेदीदाराला एक फायदा आहे. जीएसटी बदलल्यावर नव्या गाड्यांच्या किमती खाली आल्या. विक्रेता "मला तेव्हा एवढ्याला पडली होती" म्हणाला, तर त्याच्या जुन्या बिलावरून किंमत ठरवू नका. त्याच व्हेरिएंटची आजची ऑन-रोड किंमत काढा आणि तिथून घासाघीस सुरू करा.

ऑफ-रोडला खरं काय लागतं

चाकापर्यंत पोचणारा जोर म्हणजे इंजिनचा टॉर्क गुणिले गिअरिंग. जिम्नी मॅन्युअलचं गणित करून बघू.

पहिला गिअर साधारण ४.४ पट, पुढे डिफरन्शियल साधारण ४.१ पट. दोन्ही मिळून १८ पट. इंजिनचा टॉर्क १३४ न्यूटन मीटर, म्हणजे चाकांवर जास्तीत जास्त सुमारे २४०० (घर्षणात जाणारा वाटा सोडून). आता लो रेंज टाकली की अजून दुप्पट, एकूण ३६ पट. म्हणजे सुमारे ४८०० न्यूटन मीटर. इंजिन तेच, सीसी तीच, जोर डबल.

त्याहून महत्त्वाचा आहे वेग. इंजिन १५०० आरपीएमवर असताना जिम्नी साध्या पहिल्या गिअरला ताशी सुमारे ११ किलोमीटरने जाते. लो रेंजमध्ये ताशी ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने. दगडगोट्यांतून चढताना तुम्हाला हाच वेग हवा असतो. लो रेंज नसेल तर एवढं हळू जायला अर्धा क्लच दाबून ठेवावा लागतो, आणि दहा मिनिटांत क्लच प्लेटचा जळका वास यायला लागतो. उतारावर पण तेच: लो रेंजमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर सगळा भार येत नाही.

जिप्सी आठवा. १३०० सीसी, ८० बीएचपी. आजच्या हॅचबॅकएवढी ताकद. पण वजन एक टनाच्या आत आणि जोडीला लो रेंज, म्हणून सैन्याने ती वर्षानुवर्षं वापरली.

सगळ्यात मोठा सापळा: १.५ डिझेल थार

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. थार १.५ डिझेल फक्त मागच्या चाकांवर चालते. तिला फोर बाय फोर नाही, लो रेंजही नाही. बाहेरून ती दुसऱ्या थारसारखीच दिसते. जाहिरातीत "थार डिझेल, टॉप कंडिशन" एवढंच लिहिलेलं असतं. घेणारा समजतो की थार म्हणजे फोर बाय फोरच. पहिल्या पावसाळ्यात शेताच्या रस्त्यावर गाडी रुतली की कळतं, आणि तोपर्यंत आरसी नावावर झालेली असते.

ओळखायचं कसं? दोन सोप्या खुणा:

१. आरसीवर क्युबिक कपॅसिटी बघा. १४९७ लिहिलं असेल तर विषय संपला, ती फोर बाय फोर नाही.
२. गिअरच्या शेजारी दुसरा छोटा लीव्हर आहे का बघा. तीन दरवाजांच्या थारमध्ये आणि जिम्नीमध्ये फोर बाय फोरसाठी हा लीव्हर असतो.

२.० पेट्रोल थार फोर बाय फोर आणि मागच्या चाकांवरची, दोन्ही प्रकारांत विकली गेली आहे. म्हणून तिथे १९९७ सीसी बघून काही कळणार नाही, लीव्हरच बघावा लागेल. पाच दरवाजांच्या थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे. आणि हा सापळा फक्त लहान इंजिनात नाही: सध्याच्या पिढीची फॉर्च्युनर २.७ पेट्रोल आपल्याकडे फोर बाय टू... म्हणजे फक्त मागच्या चाकांवरच मिळते, फोर बाय फोर हवी तर २.८ डिझेलच. उलट भारतात विकलेली प्रत्येक पाच दरवाजांची जिम्नी फोर बाय फोर आहे आणि तिला लो रेंज आहे.

थोडक्यात, ३०० न्यूटन मीटरची १.५ थार जिथे अडकेल तिथून १३४ न्यूटन मीटरची १.५ जिम्नी निघू शकते.

एकेक इंजिन, एकेक स्वभाव

थार २.२ डिझेल (१३० पीएस): पूर्ण ३०० न्यूटन मीटर टॉर्क १६०० आरपीएमपासूनच मिळतो, म्हणून चढावर हळूहळू ओढायला मस्त. ॲव्हरेज पेट्रोलपेक्षा चांगलं. सेकंड हँड बाजारात हिला मागणी जास्त, त्यामुळे किंमतही चढी.

थार २.० टर्बो पेट्रोल (१५० पीएस): सगळ्यात जोरदार पिकअप. ऑटोमॅटिकला ३२० न्यूटन मीटर. खोल चिखलात वेग टिकवून गाडी काढावी लागते, तिथे ही ताकद कामाला येते. हायवेला मजा, पेट्रोल पंपावर नाही.

थार १.५ डिझेल (सुमारे ११९ पीएस): मॅन्युअल, ॲव्हरेज चांगलं, ग्राउंड क्लिअरन्स भरपूर. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावापर्यंत, कच्च्या पण कोरड्या रस्त्याला पुरेशी. ऑफ-रोडर म्हणून मात्र घेऊ नका.

जिम्नी १.५ पेट्रोल (१०५ पीएस): टर्बो नाही, म्हणून घाटात ओव्हरटेक करताना गिअर खाली टाकावा लागतो. पण गाडी सुमारे १२०० किलोची आहे. हलकी गाडी चिखलात कमी रुतते आणि रुतली तरी लवकर निघते. साधं इंजिन, कमी भानगडी.

जुनी थार सीआरडीई (२.५ डिझेल): मजबूत, गावाकडचे मेकॅनिकही सहज दुरुस्त करतात. पण एअरबॅग नाहीत. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपमध्ये चार स्टार मिळालेत. घरच्यांना घेऊन हायवेला फिरणार असाल, तर वाचलेल्या दोन-तीन लाखांपेक्षा हा फरक मोठा आहे.

डिझेल की पेट्रोल? गणित करा

बीएस६ डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी. ही गाळणी भरली की गाडी काजळी आतल्या आत जाळून ती साफ करते, पण त्यासाठी इंजिन काही वेळ सलग गरम राहून चालावं लागतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज पाच किलोमीटर गेलात, तर ती संधीच मिळत नाही. गाळणी चोक होते, लाइट लागते आणि खर्च मोठा असतो. म्हणून गाडी मुख्यतः शहरात, जवळच्या अंतरावर चालणार असेल तर पेट्रोल बरं.

आता पैशाचं. समजा वर्षाला ८००० किलोमीटर चालवणार. पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज ९ धरलं, तर वर्षाला सुमारे ९२ हजार. डिझेल ९१ रुपये आणि ॲव्हरेज १२ धरलं, तर सुमारे ६१ हजार. फरक ३१-३२ हजार. त्याच वर्षाची, तेवढ्याच रनिंगची डिझेल गाडी दीड लाखाने महाग मिळत असेल, तर ते पैसे वसूल व्हायला पावणेपाच वर्षं लागतील. तुमच्या शहरातले दर आणि तुमचं रनिंग टाकून हेच गणित फोनच्या कॅल्क्युलेटरवर करा. दोन मिनिटांत उत्तर मिळेल.

मोठे टायर इंजिन 'छोटं' करतात

सेकंड हँड थारवर बरेचदा मोठे टायर चढवलेले असतात. दिसायला भारी, पण ३१ इंचाच्या जागी ३३ इंच टायर लावला की रस्त्यावरचा जोर सुमारे ६ टक्क्यांनी कमी होतो. जणू गिअरिंगच बदललं. शिवाय ओडोमीटर तेवढंच कमी मोजतं: मीटरवर ५०,००० दिसले तर गाडी ५३,००० च्या आसपास चाललेली असते. कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, त्यामुळे इन्शुरन्स क्लेमच्या वेळीही कटकट होऊ शकते. मूळ टायर विक्रेत्याकडे आहेत का, हे विचारा.

फोनवरून तपासणी

आता आपल्या आवडीचा भाग.

एमपरिवहन ॲप: गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, इन्शुरन्स आणि पीयूसीची मुदत जुळतेय का बघा. थकलेली ई-चलनं परिवहनच्या साइटवर तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी, पैसे नंतर. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्याचं पासिंग असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरूनच किंमत ठरवा. 'स्वस्त दिल्ली पासिंग डिझेल' मग तेवढं स्वस्त राहत नाही.

ओबीडी स्कॅनर: काहीशे रुपयांत ईएलएम३२७ चा ब्लूटूथ डोंगल मिळतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लावा, फोनवर 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर' ॲप उघडा. आयफोन असेल तर वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला डोंगल घ्या, साधा चालत नाही. लावण्याआधी मालकाची परवानगी घ्या. नकार मिळाला तर तीही एक माहितीच आहे!

एरर कोड नाहीत म्हणून लगेच खूश होऊ नका. विकण्याआधी कोड पुसणं एका क्लिकचं काम आहे. पण कॉम्प्युटर दोन गोष्टी लक्षात ठेवतो: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, आणि तेव्हापासून इंजिन किती वेळा थंड होऊन परत गरम झालं. एका मित्रासोबत थार बघायला गेलो होतो. एकही एरर नाही, पण 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' फक्त २२ किलोमीटर. सॉफ्टवेअरमध्ये कोणी लॉग फाइल कालच डिलीट केली असेल तर आम्ही जे समजतो, तेच तिथे समजलो. ती गाडी सोडली. तिथेच 'रेडिनेस मॉनिटर' पण बघा. बरेचसे 'अपूर्ण' दाखवत असतील तर अर्थ तोच.

इंजिन रीमॅप केलंय का, हेही थेट विचारा. ताकद वाढते, पण क्लच आणि टर्बोवर ताण येतो, आणि तो ताण आधीच्या मालकाने दिलेला असतो.

टेस्ट ड्राइव्हला काय बघायचं

- गाडी थंड असतानाच स्टार्ट करा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.
- मातीच्या मोकळ्या जागेत, गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये लो रेंज टाका. लीव्हर अडकतोय का, पुढची चाकं खरंच ओढतायत का बघा. डांबरी कोरड्या रस्त्यावर हे करू नका, थार आणि जिम्नीची रचना त्यासाठी नाही.
- मेकॅनिकला डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल बघायला सांगा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय.
- चढावर क्लच पूर्ण सोडलेला असताना आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही? क्लच प्लेट संपलीय, तेवढे पैसे कमी करा.
- खाली वाकून चासी बघा. ताजा काळा रंग मारलेला असेल तर त्याखाली गंज आहे का ते तपासा.

मग कोणी काय घ्यावं?

- वर्षाला १२-१५ हजार किलोमीटर, हायवे आणि खरं ऑफ-रोड दोन्ही: थार २.२ डिझेल फोर बाय फोर.
- शहरात राहणं, महिन्यातून एकदा सह्याद्रीत चिखल-दगड: जिम्नी. जास्त ताकद हवी आणि पेट्रोलचा खर्च झेपत असेल तर थार २.० पेट्रोल फोर बाय फोर.
- थारचा लूक हवा, रस्ते मुख्यतः डांबरी किंवा कोरडे कच्चे, खिसा मर्यादित: थार १.५ डिझेल. पण ती काय आहे आणि काय नाही, हे माहीत असू द्या.
- शेतावर काळ्या मातीतून पावसाळ्यात रोज ये-जा: सीसी कितीही असो, लो रेंज नसलेली गाडी नको. बजेट कमी असेल तर जुनी सीआरडीई बघा.

क्रम असा ठेवा: आधी लो रेंज आहे का, मग गाडीची कंडिशन, मग इंधन, आणि सगळ्यात शेवटी सीसी. दोन वर्षं जास्त जुनी पण नीट सांभाळलेली छोट्या इंजिनची गाडी, हाल केलेल्या मोठ्या इंजिनच्या गाडीपेक्षा कधीही परवडते. आणि टोकन देण्याआधी आरसीचा फोटो मागवून त्यावरचा सीसीचा आकडा वाचा. तेवढ्या एका आकड्याने चुकीची थार घरी येणं टळतं.